काळी पूड आणि तिची ओळख



सौंसर भागातील मँगनीजच्या खाणी आपल्या परिचयाच्या आहेत. तेथील काळ्या खनिजांत मँगनीज व ऑक्सिजनची संयुगे असतात. त्यांपैकी मँगनीज डायऑक्साइड टॉर्चच्या साध्या सेलमध्येही भरतात. प्रयोगशाळेत याच पदार्थाच्या तारा वाढवता येतात. आपला केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. या तारांची जाडी १०० नॅनोमीटरहूनही कमी असू शकते, म्हणून त्यांना नॅनोतारा म्हणतात.

वाढ : मँगनीज सल्फेट आणि पोटॅशियम परमँगनेट (विहिरीत टाकतात ती लाल दवा) पाण्यात विरघळवतात. द्रावण आतून टेफ्लॉन असलेल्या पोलादी भांड्यात घट्ट बंद करून सुमारे १४० अंश सेल्सिअसवर १२ तास ठेवतात. द्रावणातून स्फटिक बाहेर पडतात. ते एकाच दिशेने जास्त वेगाने वाढले की तार तयार होते. भांड्यात दाब वाढत असल्याने हा प्रयोग शाळेत किंवा घरी मुळीच करू नये.

ओळख : भांडे उघडल्यावर दिसते फक्त काळसर पूड. तारा झाल्या का, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीतून कळते. अणूंची मांडणी क्ष-किरणांनी कळते, कारण स्फटिकातील थरांवरून ते ठराविक कोनांतच परततात. हे आवश्यक आहे. सूत्र एकच असले तरी अल्फा प्रकारात अणूंमधील बोगदे रुंद असतात, बीटा प्रकारात अरुंद. बॅटरीत बाहेरचे आयन आत शिरतात, तेव्हा या फरकाला महत्त्व येते.

खाणीतल्या खनिजालाही हीच कसोटी लागते. भूवैज्ञानिक फर्मर यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी सीतापारच्या खाणीतील एका खनिजाला गावावरून 'सीतापाराइट' नाव दिले. पुढे तपासणीत ते अमेरिकेतील 'बिक्सबाइट'च निघाले. ते नाव १८९७ सालचे, म्हणून तेच राहिले. आपल्या गावाचे नाव मागे पडले याचे वाईट वाटते. पण मोजमापापुढे अभिमान चालत नाही.

आम्ही प्रयोगवह्या तपासतो तेव्हा अनेकांची निरीक्षणे पुस्तकातल्यासारखी तंतोतंत असतात. आमची विनंती आहे, जे दिसले तेच लिहा. उत्तर वेगळे आले तर खोडू नका, पुन्हा मोजा. पालकांनीही गुण विचारण्याआधी, "आज काय मोजलेस?" असे विचारावे.