काडतुसातील दारू आणि ऋतुमान

राष्ट्रीय छात्रसेनेत नाव घातलेल्या आमच्या विद्यार्थिमित्रांनी ·२२ रायफल हाताळलेली असते. श्वास कसा रोखावा, चाप कसा हळुवार दाबावा, वारा कोणत्या बाजूने वाहतो आहे हे कसे पाहावे, इतके धडे त्यांस मिळतात. परंतु काडतूस उन्हात पडले होते की सावलीत, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. पन्नास मीटरांच्या आतील निशाणास त्याने फारसे बिघडतही नाही. लांब पल्ल्याच्या रायफलीत मात्र हाच प्रश्न महत्त्वाचा ठरतो. आणि जे लोक आपली काडतुसे स्वतः भरतात त्यांच्या बाबतीत तर तो कधी कधी डोळ्यांवर आणि हातांवर बेततो.

काडतुसे स्वतः भरण्याचा छंद अमेरिका, कॅनडा यांसारख्या देशांत पुष्कळ आहे. एकदा उडालेली पितळी पुंगळी साफ करून पूर्ववत आकारात आणावयाची, तिच्या बुडाशी नवी टोपी बसवावयाची, बारीक तराजूवर तोलून दारू घालावयाची आणि वर गोळी दाबून बसवावयाची, असा हा उद्योग. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून काडतुसे तयार करणे हा गुन्हा आहे, हे येथेच सांगून ठेवतो. आम्हांस येथे भरण्याची कृती सांगावयाची नसून त्यामागील पदार्थविज्ञान सांगावयाचे आहे.

आजच्या रायफलीतील दारू म्हणजे जुनी काळी दारू नव्हे. कापसावर नत्राम्लाची क्रिया करून जो नायट्रोसेल्युलोज मिळतो, तो हिचा मुख्य घटक. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिएय याने १८८४ साली त्यापासून बंदुकीस योग्य अशी पहिली धूरविरहित दारू बनविली. १८८९ साली इंग्लंडात एबल आणि ड्यूअर यांनी 'कॉर्डाइट' तयार केली. तिच्यात शेकडा ५८ भाग नायट्रोग्लिसरीन, ३७ भाग गनकॉटन आणि ५ भाग व्हॅसलीन असे.

ही दारू उघड्यावर पेटविली तर धडाका होत नाही. ती भरभर जळून जाते, इतकेच. पुंगळीत कोंडली असता मात्र तिचे स्वरूप पालटते. दारूचा प्रत्येक दाणा पृष्ठभागाकडून आत जळत जातो. जळताना वायू निघतो, वायूला वाट नसल्याने दाब वाढतो, आणि दाब वाढला की दाणे अधिक वेगाने जळू लागतात. लोहाराच्या शेगडीला भाता लागतो आणि तो माणूस ओढतो. येथे विस्तवच आपला भाता ओढतो, आणि जितका भडकतो तितका तो जोराने ओढतो. हा सारा खेळ सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात आटोपतो. तेवढ्यात दाब हवेच्या दाबाच्या चार हजार पटींपर्यंत चढतो आणि गोळी नळीबाहेर पडते.

आता कोणी विद्यार्थी शंका घेईल की, ज्वाळेचे तापमान जर अडीच हजार अंशांच्या आसपास असते, तर दारू आधी वीस अंशांवर होती की पस्तीस, याने काय फरक पडावा? शंका रास्त आहे. परंतु येथे तुलना ज्वाळेशी करावयाची नाही. दाण्याचा पुढचा थर पेटण्याइतका तापला म्हणजे ज्वलन पुढे सरकते, आणि नायट्रोसेल्युलोज आपोआप पेटण्यास सुमारे १७० अंश सेल्सिअस पुरतात. वीस अंशांवरच्या दारूला दीडशे अंशांची मजल मारावयाची असते; पस्तीस अंशांवरचीला एकशे पस्तीसचीच. म्हणजे एक दशांश वाट उन्हानेच चालून दिलेली असते. थर थोडा लवकर पेटतो, वायू थोडा लवकर निघतो, आणि मग तो भाता त्या थोड्याचे बरेच करून ठेवतो. काळ्या दारूच्या जळण्यावर दाबाचा परिणाम त्या मानाने थोडा. म्हणून तिला उन्हापेक्षा ओलाव्याची भीती अधिक असे.

प्रत्यक्ष आकडे पाहू. जुन्या धर्तीच्या पुष्कळ दारूंत तापमान एक अंश सेल्सिअसने बदलले की गोळीचा वेग सेकंदाला अर्धा ते एक मीटर बदलतो. समजा, अमेरिकेतील एखाद्या शिकाऱ्याने जुलैच्या दुपारी, ३५ अंशांवर, काडतुसे भरून वेग मोजला. तो सेकंदाला ८५० मीटर भरला. तीच काडतुसे घेऊन तो नोव्हेंबरात, उणे १० अंशांवर, डोंगरात गेला. अंतर ४५ अंशांचे. अंशाला ०·८ मीटर धरले तर वेगात ३६ मीटरांची घट, म्हणजे ८१४. पाचशे मीटरांवर गोळी किती खाली येईल? हवेचा विरोध सोडून देऊन शाळेतील सूत्र लावले, तर पहिल्या गोळीस ०·५८८ सेकंद लागतात व ती सुमारे १७० सेंटिमीटर खाली येते. दुसरीस ०·६१४ सेकंद लागतात व ती १८५ सेंटिमीटर खाली येते. फरक सुमारे १५ सेंटिमीटरांचा. हरणाच्या काळजाचा नेम पायावर जाऊन जनावर जखमी होऊन पळावे, इतका हा फरक आहे. हवेचा विरोध धरला तर तो आणखी वाढतो, कारण थंड हवा दाटही असते. मात्र हवेचा परिणाम आणि दारूचा परिणाम ही दोन निरनिराळी खाती आहेत. दारूच्या खात्यात हिशेब हवेच्या तापमानाचा नसून काडतुसाच्या आतील तापमानाचा. खिशात ऊब घेतलेले काडतूस बर्फात उभे राहूनही गरमच असते.

उलट बाजू अधिक गंभीर. थंडीत नेम चुकतो. उन्हाळ्यात रायफल फुटण्याचा संभव येतो. तापमान वाढले की वेगात जेवढा फरक पडतो, त्याहून दाबात शेकडेवारीने अधिक पडतो. हिवाळ्यात दाबाच्या अगदी कडेपर्यंत नेलेला भरणा उन्हाळ्यात ती कड ओलांडतो. बंद मोटारीत काचेशी पडलेली काडतुसे, किंवा ओळीने वीस-पंचवीस बार काढून तापलेल्या नळीत चाप न ओढता राहिलेले काडतूस, हवेपेक्षा कितीतरी गरम होते. बोल्ट उघडण्यास जड जाणे, टोपी सपाट होणे किंवा तिला भोक पडणे ही त्याची चिन्हे. ती दिसताच जाणता नेमबाज थांबतो.

हा धडा हिंदुस्थानातील आणि आफ्रिकेतील उन्हानेच शिकविला. विलायतेत तपासून आणलेल्या कॉर्डाइटच्या दुनळी रायफली येथील उन्हात दाबाने अशा फुगत की, रिकामी पुंगळी काडतुसाच्या घरात घट्ट रुतून बसे. आणि समोर वाघ असता ती न निघणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. म्हणून उष्ण देशांकरिता दारू कमी घातलेली निराळी काडतुसे निघू लागली. लंडनच्या रिग्बी कंपनीने १९११ साली ·४१६ काडतूस काढले. त्याची पुंगळी मुद्दाम प्रशस्त ठेवली होती, ती उन्हातही दाब बेताचा राहावा म्हणूनच.

उष्णता दारूला वर्षानुवर्षे आतून कुजवतेही, हा वेगळा विषय आहे. तूलाँ बंदरात १९०७ साली 'इएना' आणि १९११ साली 'लिबर्ते' या फ्रेंच युद्धनौका उडाल्या, त्याला अशी बिघडलेली दारूच कारण मानली गेली. पुढे दारूत स्थिरता राखणारी द्रव्ये घालण्याची रीत रूढ झाली.

सैन्याला ऋतू निवडता येत नाही. तेच काडतूस राजस्थानच्या वाळवंटात चालले पाहिजे आणि सियाचीनच्या बर्फातही. तोफांच्या मारा-कोष्टकांत दारूचे तापमान २१ अंश धरून आकडे दिलेले असतात व कमी-अधिकासाठी दुरुस्ती सांगितलेली असते. 'नाटो' राष्ट्रांच्या काडतुसांची परीक्षा २१ अंशांवर तर होतेच, शिवाय उणे ५४ आणि अधिक ५२ अंशांवरही होते. अलीकडे दाण्यांची घडण व वरचा लेप बदलून तापमानाला फारशी न जुमानणारी दारूही निघाली आहे. ऑस्ट्रेलियातील मुलवाला येथे होणारी अशी दारू अमेरिकेतील हौशी मंडळी आवडीने घेतात. ती खर्चाने जड पडली तरी घेण्याजोगी आहे, असे आमचे मत. तथापि परिणाम घटतो, नाहीसा होत नाही. आणि एका रायफलीत स्थिर वागलेली दारू दुसरीत तशीच वागेल असेही नाही.

म्हणून काळजीपूर्वक काडतुसे भरणारा मनुष्य जपून ठेवतो ती एक वही. तिच्यात दारूचे नाव, वजन, टोपीचा प्रकार आणि यंत्रावर मोजलेला वेग लिहिलेला असतो, आणि त्याच ओळीत शेवटी त्या दिवसाचे तापमान. जुलैचे पान आणि जानेवारीचे पान शेजारी ठेवून तो आपल्या दारूचा दर अंशामागचा फरक काढतो, आणि पुढच्या शिकारीस निघताना दुर्बिणीचा काटा तेवढा फिरवून ठेवतो.