स्मृतिभ्रंश आणि सेवाधर्म

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधापासून संमोह, संमोहापासून स्मृतिविभ्रम व त्यातून बुद्धिनाश, असा क्रम सांगितला आहे. वार्धक्यातील स्मृतिभ्रंश याहून भिन्न होय. तो मेंदूचा रोग आहे. त्याचा दोष वृद्धांच्या माथी मारू नये. त्याच्या प्रमुख प्रकाराचे वर्णन जर्मन वैद्य आल्झायमर यांनी १९०६ मध्ये केले. पासष्टीनंतर त्याचे निदान झाल्यास रुग्ण बहुधा ४ ते ८ वर्षे जगतो. क्वचित् २० वर्षेही. अखेरीस गिळणे कठीण होते, अन्नकण फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया ओढवतो. यास्तव गृहस्थाने वृद्धांस ताठ बसवून लहान घास भरवावेत. सेवा दीर्घकाळची आहे. ती एकट्या सुनेवर न टाकता सर्वांनी वाटून घ्यावी. माता आपले नावही विसरेल. ओळखीचीही अपेक्षा न ठेवता केलेली तिची सेवा हेच निष्काम कर्म होय.