कांद्याचा पापुद्रा आणि शाळेचा मायक्रोस्कोप

मायक्रोस्कोपला हात लावण्याआधी टेबलावर एवढं मांडून ठेवा: कांदा, ब्लेड, चिमटा, सुई, मऊ ब्रश, काचपट्टी, कव्हरस्लिप, ड्रॉपर, बशीभर पाणी, सॅफ्रानिन, ग्लिसरीन, टिपकागद आणि लेन्सपेपर. जमलं सगळं? चला तर.

आधी मायक्रोस्कोप मांडू

१. मायक्रोस्कोप दोन्ही हातांनी उचला. एका हाताने त्याची वाकडी भुजा धरा, दुसरा तळव्याखाली. तिरपा करू नका. वरची आयपीस बऱ्याचदा नुसती बसवलेली असते, सुटून पडते.

२. टेबलाच्या कडेपासून वीतभर आत ठेवा.

३. फिरती चकती फिरवून १० एक्सचं भिंग खाली आणा. ‘टक्’ असं लागलं पाहिजे. अर्धवट राहिलं तर वरून नुसता काळोख दिसेल, आणि तुम्ही उगाच आरशाला दोष द्याल.

४. आरसा खिडकीच्या उजेडाकडे वळवा. मंचाखाली कंडेन्सर असेल तर सपाट बाजू, नसेल तर खोलगट. थेट सूर्याकडे आरसा कधीही वळवू नका, डोळा कायमचा जाऊ शकतो. तुमच्या मायक्रोस्कोपला दिवा असेल तर तो मंद ठेवून लावा.

५. आयपीसमधून बघत आरसा हलवा आणि पूर्ण गोल सारखा उजळला की थांबा.

आता स्लाइड

६. कांदा चिरून आतली एक जाड, रसरशीत पाकळी सुटी करा. बाहेरची वाळकी सालं नकोत.

७. पाकळी बाहेरच्या बाजूला वाकवून मोडा. खोलगट बाजूला काचेसारखा पापुद्रा लोंबताना दिसेल.

८. तो चिमट्याने हळूच ओढा. नखाएवढा पुरे. पांढरा गर चिकटून आला तर तो तुकडा टाकून द्या. त्यातून काही दिसत नाही.

९. पापुद्रा लगेच पाण्यात सोडा. हवेत ठेवला की वाळतो आणि गुंडाळी होते.

१०. त्यावर सॅफ्रानिनचा एक थेंब टाका आणि मिनिटभर थांबा. कपड्यांना जपा, हा लाल रंग लवकर निघत नाही.

११. ब्रशने उचलून स्वच्छ पाण्यात धुवा. रंग फिकट गुलाबी राहिला की झालं.

१२. काचपट्टीच्या मधोमध ग्लिसरीनचा एक थेंब ठेवा. एकच!

१३. पापुद्रा त्या थेंबात सुईने सपाट पसरा. घडी राहिली तर दोन थर एकावर एक दिसतील.

१४. आता कव्हरस्लिप. घाईवाले इथेच फसतात. तिची एक कड थेंबाशेजारी टेकवा, दुसरी कड सुईवर तोला आणि सुई सावकाश खाली आणा. वरून थाडकन टाकलीत तर हवेचे बुडबुडे अडकतात. जाड काळ्या कडेचं, कंपासने काढल्यासारखं वर्तुळ दिसलं तर तो बुडबुडा समजा. दरवर्षी कुणी ना कुणी त्याचीच आकृती काढून ‘पेशी’ असं नाव देतं.

१५. कडेने बाहेर आलेलं ग्लिसरीन टिपकागदाने टिपा. वरून दाबू नका.

आता बघू

१६. स्लाइड मंचावर ठेवून क्लिपा लावा. पापुद्रा बरोबर भोकावर यायला हवा आणि कव्हरस्लिप वरच्या बाजूला.

१७. डोळा बाजूला ठेवून मोठा स्क्रू फिरवा आणि भिंग स्लाइडच्या अगदी जवळ आणा, टेकवू मात्र नका. काही मायक्रोस्कोपमध्ये नळी खाली येते, काहींत मंच वर चढतो.

१८. आयपीसला डोळा लावून तोच स्क्रू उलटा फिरवा, म्हणजे भिंग स्लाइडपासून दूर जाऊ द्या. बघता बघता जवळ आणायला गेलात तर काच तडकते. आधी धूसर गुलाबी काहीतरी येईल, मग विटांच्या भिंतीसारखी जाळी.

१९. लहान स्क्रूने रेषा धारदार करा. अर्धा वळसा पुरतो.

२०. डायफ्रॅम थोडा मिटा. उजेड जितका जास्त तितकं चांगलं, असं मुळीच नाही. झगझगीत प्रकाशात केंद्रकं हरवतात. किंचित कमी केलात की प्रत्येक पेशीत, बहुधा भिंतीलगत, गडद ठिपका उठून दिसेल. तेच केंद्रक.

२१. एक चांगली पेशी गोलाच्या मधोमध आणा. स्लाइड डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे पळतं. गोंधळू नका, इथे सगळं उलटंच दिसतं.

२२. बाजूने बघत चकती फिरवून ४५ एक्सचं भिंग आणा. चकती धरा, भिंग नव्हे. हे भिंग कव्हरस्लिपपासून मिलिमीटरभरही दूर नसतं.

२३. फक्त लहान स्क्रू फिरवा. मोठ्याला बोटही लावू नका. आयपीस १० एक्सची असेल तर मघाशी १०० पट बघत होतात, आता ४५० पट.

२४. आकृती काढा. दोन्ही डोळे उघडे ठेवायची सवय लावा. एक मिटून बसलात तर लवकर थकाल.

आवरून ठेवू

२५. १० एक्सचं भिंग परत खाली आणा.

२६. मंच आणि भिंग यांतलं अंतर वाढवून मगच स्लाइड काढा. उलट क्रमाने केलंत तर भिंगावर ओरखडा पडतो.

२७. भिंगावरची धूळ आधी ब्रशने झटका. धुळीसकट पुसलंत तर ती काचेवर घासली जाते.

२८. मग लेन्सपेपरने हलकेच पुसा. रुमाल, ओढणी, शर्टाची बाही, काही चालणार नाही.

२९. मंचावर सांडलेलं ग्लिसरीन ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा.

३०. दिवा असेल तर बंद करून गार होऊ द्या.

३१. कव्हर घालून मायक्रोस्कोप कपाटात ठेवा, शेजारी सिलिका जेलची पुडी. पावसाळ्यात हे चुकवू नका: दमट हवेत भिंगावर बुरशी धरते आणि एकदा ती काचेत रुतली की पुसून जात नाही. निळी सिलिका गुलाबी झाली की तिने ओल भरपूर शोषली. गरम करून वाळवा, पुन्हा निळी झाली की परत कपाटात ठेवा.