शाळा नक्की कुठं होणार?

पालकहो, अमेरिकेतल्या एखाद्या उपनगरात घर शोधणारं मराठी जोडपं आधी शाळेची हद्द बघतं आणि मग घर. रस्त्याच्या या बाजूला एक हायस्कूल, त्या बाजूला दुसरं. दोन्हीकडची घरं सारखीच, किमती मात्र वेगळ्या. पुण्या-मुंबईच्या आसपासही आता फार निराळं राहिलेलं नाही. टाउनशिपच्या माहितीपत्रकात एका कोपऱ्यातल्या चौकोनावर ‘प्रस्तावित शाळा’ असं छापलेलं असतं. हप्ता झेपेल का, ही धाकधूक मनात असूनही त्या चौकोनाकडे बघून आपण सही करून टाकतो. हा चौकोन एक दिवस दुसरीकडे सरकला, तर घरात काय काय होतं याबद्दल आज बोलू या.

त्यासाठी तुम्हाला शिकागोच्या पश्चिमेला घेऊन जाते. नेपरविल आणि अरोरा ही तिथली जोडीची उपनगरं. आयटीतली बरीच मराठी कुटुंबं तिथं आहेत, त्यामुळे तुमच्यापैकी कुणाचे भाऊ-बहीण तिकडे असतीलही. या दोन्ही गावांचा बराच भाग ‘इंडियन प्रेअरी’ नावाच्या, २०४ क्रमांकाच्या शाळा-जिल्ह्यात येतो. तिथला शाळा-जिल्हा ही नगरपालिकेहून वेगळी चूल असते. त्याचं मंडळ लोक निवडून देतात, त्याचा कर वेगळा आणि मोठ्या खर्चासाठी कर्ज काढायचं तर मतदारांचा कौल घ्यावा लागतो. हा जिल्हा १९७२ साली स्थापन झाला तेव्हा आजूबाजूला मका आणि सोयाबीनची शेतं होती. १९७५ साली वॉबोन्सी व्हॅली हे पहिलं हायस्कूल झालं, १९९७ साली न्यूक्वा व्हॅली हे दुसरं. शेतं जाऊन घरं येत राहिली आणि काही वर्षांत दोन्ही शाळा मुलांनी भरून गेल्या.

एक गोष्ट मात्र नेपरविलनं फार लवकर केली, तिचं श्रेय द्यायला हवं. नवी वसाहत उभी करणाऱ्या बिल्डरनं शाळा आणि बागांसाठी जमीन द्यावी, नाहीतर तेवढे पैसे द्यावेत, असा नियम गावानं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच केला. एक बिल्डर त्याविरुद्ध कोर्टात गेला. १९७७ साली इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या बाजूनं निकाल दिला. आपल्याकडच्या सुविधा भूखंडाचा हा लांबचा चुलतभाऊच. पण अशा तुकड्या-तुकड्यांतून फार तर प्राथमिक शाळा उभी राहते. मैदानं, पार्किंग, बसचा तळ असा सगळा पसारा धरला तर तिथल्या हायस्कूलला सत्तर-ऐंशी एकर सलग जमीन लागते.

तशी जमीन एक होती. पंचाहत्तरावा रस्ता आणि रूट ५९ यांच्या जवळची, ब्रॅच-ब्रोडी या नावानं ओळखली जाणारी सुमारे ऐंशी एकर. जिल्ह्याच्या साधारण मध्यावर. त्यातली पंचवीस एकर जिल्ह्याकडे होती, उरलेली पंचावन्न घ्यायची होती. २००५ साली तिसऱ्या हायस्कूलचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. पुढच्या वर्षी पुन्हा मत झालं आणि १२ कोटी ४० लाख डॉलरहून मोठ्या कर्जाला होकार मिळाला. शाळा मध्यावर होणार असं सगळेच धरून चालले होते, प्रचारातही तीच जागा बोलली जात होती.

जमीनमालक विकायला तयार नव्हते, तेव्हा जिल्ह्यानं सक्तीच्या संपादनाचा दावा लावला. अशा दाव्यात तिथं भाव ज्यूरी ठरवते, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखी सामान्य माणसं. जिल्हा एकरी २,५७,५०० डॉलर देऊ करत होता. सप्टेंबर २००७ मध्ये ज्यूरीनं एकरी ५,१८,००० डॉलरच्या आसपास भाव ठरवला. पंचावन्न एकरांना गुणून बघा, नुसता फरकच १ कोटी ४० लाख डॉलरच्या वर जातो. मंडळानं ती जमीन सोडून दिली आणि २००८ च्या सुरुवातीला जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, ईओला रोडवरची जमीन पुढे आणली.

आणि मग जो काही धुरळा उडाला!

दक्षिणेकडच्या पालकांचं म्हणणं होतं की आम्ही मत दिलं ते मधल्या जागेला, आता मुलांना रोज इतक्या लांब का पाठवायचं? शिवाय जागा वीजनिर्मिती संयंत्राला लागून, जवळून गॅसच्या वाहिन्या, जमिनीत तेल मुरलं असेल तर? पालकांचा एक गट कोर्टात गेला. मतपत्रिकेवर हायस्कूल होतं, जागेचं नाव नव्हतं. कोर्टानं पालकांचं म्हणणं मान्य केलं नाही. दुसरीकडे, दोन शाळांत दाटीवाटीनं बसणाऱ्या मुलांचे आईवडील विचारत होते की अजून किती वर्षं थांबायचं? उत्तरेकडच्यांचा सवाल वेगळा होता. इतकी वर्षं आमचीच मुलं लांब जात होती, तेव्हा अंतराची आठवण कुणाला झाली होती का? जुन्या जमिनीचे मालकही, अर्धवट सोडलेल्या व्यवहाराची भरपाई मागायला, कोर्टाच्या दारात उभे होते.

शेवटी २००९ साली ईओला रोडवरच मेटिया व्हॅली हायस्कूल सुरू झालं. नाव कुणाचं माहीत आहे? मेटिया हा पोटावाटोमी या मूळ अमेरिकन लोकांचा सरदार. १८२१ साली शिकागोत तह होत असताना, आमची जमीन आता आणखी मागू नका, असं त्यानं गोऱ्यांच्या प्रतिनिधींना भर सभेत सुनावलं होतं. जमिनीवरून एवढी हमरीतुमरी होऊन उभ्या राहिलेल्या शाळेला त्याचंच नाव मिळालं. नाव ठेवणाऱ्यांच्या हे लक्षात होतं की नाही, कोण जाणे.

आता आपल्या मुद्द्याकडे येते. कोण बरोबर होतं याचा निवाडा करायला मी बसलेली नाही. मला तर दोन्ही बाजूंचे बरेच मुद्दे पटतात. संयंत्राच्या शेजारी शाळा होत असेल तर मातीची तपासणी मागणं हा पालकांचा हक्क आहे, आणि तो बजावलाच पाहिजे. ज्या जागेच्या भरवशावर मत दिलं ती बदलली तर जाब विचारणंही रास्त. मला काळजी वाटते ती या भांडणाच्या पोटात लपलेल्या दुसऱ्या गोष्टीची. ती अशा सभांमध्ये कुणी माइकवर बोलत नाही, गाडीत आणि जेवताना मात्र सगळेच बोलतात.

हद्द बदलली की घराचा भाव बदलतो. जन्मभराची कमाई त्या घरात घातलेली असते, त्यामुळे पोटात गोळा येणं साहजिक आहे. पण सभेत उठून ‘माझ्या घराचा भाव पडेल’ असं कुणी म्हणत नाही. तिथं मुलांची सुरक्षितता, मुलांची झोप, मुलांची मैत्री, सगळं मुलांच्या नावावर खपतं. घरी आल्यावर मात्र खरं बाहेर पडतं. ‘एवढे पैसे मोजून इथं घर घेतलं ते याच्यासाठी?’ ‘तिकडच्या अपार्टमेंटमधली मुलं आता हिच्या वर्गात येणार.’ ‘त्या शाळेचे गुण बघितलेस का?’ मागच्या सीटवर तेरा वर्षांची मुलगी कानात हेडफोन घालून बसलेली असते. गाणं बहुतेक वेळा बंद असतं, हे आईबापांना कधीच कळत नाही.

त्या मुलीनं काय ऐकलं बघा. काही मुलं ‘तिकडची’ असतात आणि ती जवळ आली की आपलं काहीतरी कमी होतं. आपली किंमत ज्या शाळेत आपण जातो तिच्या नावावर ठरते. आणि आपण जिथं उद्या जाणार आहोत ती शाळा आईबाबांच्या मते शिक्षा आहे. मग पहिल्याच दिवशी तिनं तिथं मित्रमैत्रिणी कशा करायच्या? वर्षभर आपण जिच्याविरुद्ध फलक धरून उभे राहिलो, त्याच शाळेच्या दारात तिला सोडताना ‘मन लावून अभ्यास कर’ म्हणायचं, हे तिलाही हास्यास्पद वाटणारच.

आपल्या मराठी घरांत याला आणखी एक पदर असतो. देश सोडून आलो ते मुलांच्या शिक्षणासाठी, हे वाक्य मुलांनी इतक्या वेळा ऐकलेलं असतं की शाळा बदलली म्हणजे आईबाबांचा सगळा त्यागच वाया गेला, असं त्यांना वाटू लागतं. आजी-आजोबा फोनवर विचारतात, ‘काय रे, चांगली शाळा गेली म्हणे?’ बिचाऱ्या पोरानं नव्या शाळेत अजून पाऊलही ठेवलेलं नसतं. फोन जरा बाजूला नेऊन बोला, एवढं तरी आपल्या हातात आहे.

तुम्ही म्हणाल, मग आम्ही गप्प बसायचं का? मुळीच नाही. पण आधी नवरा-बायकोनं दार लावून बसावं आणि एकमेकांना खरं सांगावं की आपल्याला भीती नक्की कशाची आहे. भावाची असेल तर भावाची म्हणा, त्यात लाज कसली? घराचं कर्ज फेडायचं आहे, हे मुलांनाही समजतं. चौदा वर्षांच्या मुलाला ‘आम्हाला पैशाची काळजी वाटते, म्हणून आमचा आवाज चढतो’ असं सांगितलं तर ते मूल घाबरत नाही, उलट सुटतं. आपल्याच भल्यासाठी सगळं गाव पेटलंय, असं ओझं त्याच्या डोक्यावर राहत नाही. आणि त्याला काय वाटतं ते विचारा की! मोठ्यांना अंतर मोजायचं असतं, त्याला बँडमध्ये जागा मिळेल का आणि डब्याच्या सुट्टीत शेजारी कोण बसेल, एवढंच हवं असतं. मेटिया व्हॅली उघडताना वरच्या वर्गांतल्या मुलांना जुन्या शाळेतच राहू दिलं. शेवटची वर्षं मोडू नयेत, म्हणून. खाली-वर शिकणाऱ्या भावंडांच्या घरात त्यामुळे काही काळ दोन शाळा, दोन वेळापत्रकं आणि दोन टी-शर्ट नांदतात, पण मुलं ते सहज निभावतात.

आता महाराष्ट्रातल्या पालकांना दोन शब्द, कारण तुमचा चौकोन आणखीच नाजूक आहे. विकास आराखड्यात शाळेसाठी जागा राखीव असणं आणि तिथं शाळा होणं, यांत अनेक वर्षं जातात, कधी कधी शाळा होतच नाही. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या १२७ व्या कलमाखाली, आराखडा लागू होऊन दहा वर्षांत जमीन घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. पुढच्या चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप सुटतं. त्यामुळे माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि महापालिकेत जाऊन आराखड्याचा नकाशा आणि त्या भूखंडाचा शेरा बघा. जागा कुणाच्या ताब्यात आहे, शाळा कोण चालवणार, फी कोण ठरवणार, हे विचारा. शिक्षण हक्काच्या नियमांत पाचवीपर्यंत एक किलोमीटर आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटर असं अंतर आहे. नववी-दहावी त्या कायद्यात येतच नाही. म्हणजे हायस्कूलच्या बाबतीत तुमच्या हातात मागणी करण्यापलीकडे फारसं काही नसतं, आणि मागणी उशिरा केली की भूखंडावर दुसरंच काहीतरी उभं राहतं. (शाळा हवी, पण आपल्या इमारतीच्या खिडकीसमोर नको, बस आणि गर्दीचा त्रास होतो, असं म्हणणारी सोसायटीही मला माहीत आहे. मग ती कुणाच्या खिडकीसमोर व्हावी, याचं उत्तर मात्र त्या सोसायटीजवळ नव्हतं.)

सभेला जाणार असाल तर मुलाला एकदा सोबत न्या. अमेरिकेतल्या शाळा-मंडळांच्या बैठकीत सामान्य माणसाला दोन-तीन मिनिटं बोलायला मिळतात. महाराष्ट्रात आराखड्यावरच्या हरकतींची सुनावणी असते. आपलं बोलून झालं की लगेच निघू नका. समोरच्या बाजूची आईसुद्धा आपल्यासारखीच कागद हातात धरून, आवाज कापत बोलते, हे मुलानं बघू द्या. परतीच्या वाटेवर ‘तिचं म्हणणं काय होतं?’ एवढं विचारा. त्याला ते सांगता आलं तर उत्तम. नाही आलं, तर आधी स्वतःला सांगता येतं का बघा.

आणि समजा, तुम्ही हरलात. जागा ठरली, हद्द ठरली, तुमचं पोर लांबच्या शाळेत निघालं. तेव्हा कोर्टकचेरीतून उरलेला जोर दुसरीकडे लावा. सकाळची बस किती वाजता येते, खेळ किंवा नाटकाची तालीम संपल्यावर घरी सोडणारी उशिराची बस आहे का, जुन्या शाळेतल्या किती मुलांचा गट एकत्र जातोय, नव्या शाळेच्या पालकसभेत आपल्या वस्तीचं कुणी आहे का? संध्याकाळची बस नसेल तर शेजारच्या चार घरांनी मिळून मागणी करा. जागा बदलण्यापेक्षा एक बस वाढवणं मंडळाला केव्हाही स्वस्त पडतं, म्हणून ही मागणी ऐकली जाण्याची शक्यता जास्त असते.