सर्व्हरला दोन लॅन केबल लावल्या की स्पीड डबल होतो का?



ऑफिस नेटवर्कच्या व्हिडिओत हा मुद्दा मी दोन मिनिटांत उरकला होता. इथे जरा सविस्तर लिहितोय, कारण यात लोक खर्च करतात एका गोष्टीसाठी आणि हातात पडते दुसरीच.

समजा, तुर्भ्याला एपीएमसीच्या मसाला मार्केटमध्ये तुमचा गाळा आहे. खाली माल, वर माळ्यावर ऑफिस. कोपऱ्यात एक सर्व्हर, त्यावर टॅली आणि स्कॅन केलेली बिलं, आणि त्याला जोडलेली 8 माणसं. सर्व्हरच्या मागून निघणारी लॅन केबल मात्र एकच. उंदराने कुरतडली, क्लिप तुटून सैल झाली किंवा पोर्टच गेला, की आठही जण हातावर हात ठेवून बसणार. आणि हे नेमकं 11 तारखेला झालं, म्हणजे दर महिन्याला जीएसटीआर-1 भरणाऱ्यांचा शेवटचा दिवस, तर विचारूच नका.

आता हिशोब करू. पगार सरासरी 18,000 धरा, 26 दिवस, रोज 8 तास. एका माणसाचा तास साधारण 86 रुपयांना पडतो. 8 माणसं 2 तास बसली की जवळपास 1,400 रुपये गेले. दारात उभा असलेला टेम्पो आणि परत गेलेलं गिऱ्हाईक यात धरलेलंच नाही. जादा नेटवर्क कार्ड हजाराच्या आसपास येतं. बऱ्याच सर्व्हरला आणि नॅसला (म्हणजे नेटवर्कवरचा फाइल ठेवायचा डबा) दोन पोर्ट आधीपासूनच असतात, दुसरा नुसता धूळ खात पडलेला असतो.

हे दोन पोर्ट सॉफ्टवेअरने एकत्र बांधता येतात. विंडोज सर्व्हरमध्ये याला एनआयसी टीमिंग म्हणतात, 2012 च्या आवृत्तीपासून ही सोय आतच आहे. लिनक्समध्ये हेच बाँडिंग, स्विचवाल्यांच्या भाषेत लिंक अॅग्रिगेशन. नावं तीन, काम एकच: बाहेरून बघणाऱ्याला दोन केबल मिळून एकच कनेक्शन दिसतं, आयपी अॅड्रेसही एकच. साध्या विंडोज 10 किंवा 11 वर मात्र टीमिंगची अधिकृत सोय नाही. तिथे 'ब्रिज कनेक्शन' असा पर्याय दिसतो, पण ते टीमिंग नव्हे. त्याच्या नादाला लागू नका.

स्पीडचं खरं काय?

सायन-पनवेल हायवेला एक लेन वाढली म्हणून तुमचा टेम्पो अर्धा या लेनमधून आणि अर्धा त्या लेनमधून जात नाही. तो एकाच लेनमधून जाणार, तेवढ्याच वेगाने. फक्त एका वेळी जास्त टेम्पो जातील. इथेही तसंच आहे. कोणाचा डेटा कुठल्या केबलने जाणार हे पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या मशीनच्या पत्त्यांवरून ठरतं, आणि एक कॉपी सुरू झाली की ती त्याच केबलवर राहते. एक गिगाबिट केबल म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त 125 एमबी, प्रत्यक्षात 110 च्या आसपास. एकट्या माणसाने मोठी फाइल कॉपी केली तर दोन केबल लावूनही आकडा तोच राहणार. 8 जण एकदम काम करत असतील तर भार वाटला जाईल, तोही नशिबाने; सगळ्यांचा हिशोब एकाच केबलवर पडला तर दुसरी मोकळीच राहते.

टॅलीसारख्या कामाला एवढा वेग लागतही नाही. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा स्टुडिओ असेल, एकाच मशीनला वेग हवा असेल, तर दुसरी केबल ओढण्यापेक्षा 2.5 गिगाबिटचं कार्ड आणि तसाच स्विच घ्या. तो सरळ मार्ग आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. छोट्या धंद्यात दुसरी केबल बॅकअपसाठी घ्यायची, वेग मिळाला तर वरकड.

सेटिंग कुठलं निवडायचं?

लिनक्समध्ये सात प्रकार आहेत, 0 ते 6. त्यातले दोन ओळखून ठेवा. मोड 1, अॅक्टिव्ह-बॅकअप: एक केबल काम करते, दुसरी तयार बसून राहते, पहिली गेली की ती सुरू. कुठल्याही साध्या स्विचवर चालतं, आणि दोन केबल दोन वेगळ्या स्विचमध्येही खोचता येतात. मोड 4 म्हणजे एलएसीपी: दोन्ही केबल एकदम वापरतो, पण स्विचलाही ते कळावं लागतं, त्यासाठी मॅनेज्ड स्विच हवा. दुकानात विचारताना 'एलएसीपी आहे का' हेच शब्द वापरा. बॉक्सवर लिंक अॅग्रिगेशन लिहिलंय म्हणजे एलएसीपी असेलच असं नाही. स्वस्त स्मार्ट स्विचमध्ये बरेचदा नुसता स्टॅटिक प्रकार असतो. शिवाय साधारणपणे एलएसीपीच्या दोन्ही केबल एकाच स्विचमध्ये जातात. तो स्विच बंद पडला की दोन केबल असून नसल्यासारख्या.

आठ-दहा माणसांच्या ऑफिसला मी मोड 1 आणि दोन साधे स्विच सुचवतो. विंडोज सर्व्हरवर 'स्विच इंडिपेंडंट' निवडून एक कार्ड स्टँडबायला ठेवा, तेच झालं. निम्मे कॉम्प्युटर एका स्विचवर, निम्मे दुसऱ्यावर, आणि दोन्ही स्विच एका केबलने आपसात जोडलेले. ऐरोली, महापेच्या डेटा सेंटरमध्येही सर्व्हरच्या दोन केबल दोन वेगळ्या स्विचमध्ये नेण्याचीच पद्धत आहे, फक्त त्यांचे स्विच महागडे. आणि दोन्ही स्विच एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका हो! 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली होती, आठवत असेल. यूपीएसची बॅटरी शेवटची कधी तपासली तेही बघा.

दोन असूनही एकच

24 फेब्रुवारी 2021, बुधवार. राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, सकाळी 11:40 ला थांबला. परत सुरू झाला दुपारी 3:45 ला, 5 पर्यंत चालला. एनएसईकडे लिंक एक नव्हती. दोन वेगवेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या अनेक लिंक होत्या, त्याही खास बॅकअप म्हणून. तरी दोन्ही कंपन्यांच्या लिंकमध्ये बिघाड झाला. नंतरच्या खुलाशात कारण आलं ते दोन साइटमधल्या रस्त्यालगतच्या खोदकामाचं. लिंक गेल्यावर स्टोरेज सिस्टीमही अपेक्षेप्रमाणे वागली नाही, त्यामुळे रिस्क मॅनेजमेंटची यंत्रणा हाताशी राहिली नाही आणि व्यवहार थांबवावे लागले.

आपल्या गाळ्यात हेच छोट्या प्रमाणात असतं. दोन्ही केबल एकाच पट्टीतून नेलेल्या असतात. इंटरनेटही दोन कंपन्यांचं घेतलेलं असतं, पण दोन्ही फायबर बिल्डिंगच्या एकाच डक्टमधून वर चढतात. वायरमनला विचारा, नाहीतर स्वतः जिन्यात जाऊन बघा. दुसरं कनेक्शन 5जी राउटरचं घेतलं तर निदान बिल्डिंगच्या डक्टवर अवलंबून राहत नाही.

हो, आणि सर्व्हरचे पोर्ट बांधल्याने दोन इंटरनेट लाइन एक होत नाहीत. त्यासाठी ड्युअल वॅन राउटर लागतो, तो वेगळा विषय.

तपासणी

रविवारी, गिऱ्हाईक नसताना आणि बॅकअप घेऊन झाल्यावर करा. एका कॉम्प्युटरवरून सर्व्हरवर मोठी फाइल कॉपी करायला लावा आणि चालू केबल उपटा. कॉपी क्षणभर अडखळेल, पण चालू राहायला हवी. ती परत खोचा, अर्धा मिनिट थांबा, दुसरी उपटा. मग एका स्विचची वीज काढा. त्या स्विचवरचे कॉम्प्युटर बंद पडणारच, पण बाकीच्यांची टॅली चालू राहिली पाहिजे.

शेवटची चाचणी बहुतेक जण करत नाहीत: सर्व्हरची चालू केबल तशीच ठेवून दोन स्विचमधली केबल काढा. निम्मे कॉम्प्युटर तुटतील, आणि सर्व्हर मात्र दुसऱ्या केबलवर जाणार नाही. कारण नेहमीचं सेटिंग फक्त स्वतःच्या पोर्टचा दिवा पेटलाय का एवढंच बघतं, पुढे रस्ता आहे की नाही ते बघत नाही. लिनक्समध्ये याला एआरपी मॉनिटरिंग हा उपाय आहे: सर्व्हर ठरलेल्या पत्त्याला, समजा राउटरला, सारखी हाक मारत राहतो आणि उत्तर आलं नाही की केबल बदलतो. त्यासाठी राउटर कुठल्या स्विचवर आहे तेही बघावं लागतं. साध्या मांडणीत दोन स्विचमधली ती एक केबल चांगल्या प्रतीची घ्या आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात लेबल लावा, 'काढू नये'.

ड्युअल वॅन राउटरचा व्हिडिओ पुढच्या आठवड्यात टाकतोय. तोपर्यंत जिन्यातला डक्ट बघून ठेवा.