नव्या लेथचं ग्रीस कशानं काढावं?

प्रश्न : आमच्या शेडमध्ये नवा लेथ आला आहे. बेड, चक, लीड स्क्रू, सगळीकडे गंज लागू नये म्हणून फासलेलं तपकिरी चिकट ग्रीस आहे. कोणी पेट्रोल सुचवतं, कोणी थिनर. काय वापरावं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही नकोत. रॉकेल वापरा, ते मिळत नसेल तर रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन घ्या. हा थर पेट्रोलियमपासूनच बनतो, त्यामुळे त्याच कुळातल्या द्रवात तो विरघळतो.

पेट्रोलनं काम झटपट होतं, पण उणे ४० अंशांच्या आसपासही त्याची वाफ ठिणगीनं पेट घेते. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि लांबच्या मोटरच्या स्विचपर्यंत पोचते. रॉकेलला त्यासाठी साधारण ३५ ते ४० अंश लागतात. मात्र मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तेवढं तापमान सहज होतं. म्हणून दारं उघडी ठेवा आणि वेल्डिंग, ग्राइंडर बंद ठेवा. थिनर ग्रीसबरोबर मशीनचा रंगही काढतं, प्लॅस्टिक-रबराचे भाग बिघडवतं. न पेटणारं म्हणून पूर्वी कार्बन टेट्राक्लोराइड वापरत. ते यकृत निकामी करतं. कुठे जुना कॅन सापडला तरी त्याला हात लावू नका.

द्रवाच्या निवडीइतकंच महत्त्वाचं म्हणजे सफाई होईपर्यंत सॅडल हलवू नका. वाहतुकीतली धूळ, वाळू त्या ग्रीसमध्ये रुतलेली असते. सॅडल सरकवलं की ती खाली जाते आणि ग्राइंड केलेल्या बेडवर कायमचे ओरखडे उठतात. आधी लाकडी पट्टीनं जाड थर खरवडा, ब्रशनं रॉकेल लावा, थोडं मुरू द्या, मग सुती चिंधीनं पुसा. हातात नायट्राइलचे मोजे हवेतच. कॉम्प्रेसरनं रॉकेल फवारायचा मोह टाळा: त्याचे तुषार सहज पेटतात आणि कचरा बेअरिंगमध्ये शिरतो.

पुसून झालं की बीड उघडं पडतं. तुमच्याकडच्या पावसाळ्यात ते एका रात्रीत तांबूस होईल. त्यामुळे जेवढा भाग साफ केलात तेवढ्याला लगेच ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइल लावा. मग सॅडल हळूच सरकवून त्याखालची जागाही तशीच साफ करा. भिजलेल्या चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका, आणि उरलेलं रॉकेल गटारात ओतू नका.