परादी गुणांतील युक्ती व अभ्यास : योगशिक्षणाच्या दृष्टीने

चिकित्सापत्रकाच्या अखेरीस 'योगासने करावीत' असे दोन शब्द लिहिण्याचा प्रघात आता सर्वत्र दिसतो. त्याच पत्रकावर औषध लिहिताना मात्र आपण मात्रा लिहितो, काल लिहितो, अनुपान लिहितो. 'औषध घ्यावे' एवढेच लिहून कोणताही वैद्य रुग्णाला औषधालयाकडे धाडणार नाही. मग योगाच्याच बाबतीत इतकी मोकळीक का, हा प्रश्न योगवर्गात येणाऱ्या रुग्णांकडे पाहताना आम्हांस वारंवार पडतो. उच्च रक्तदाबाचे गृहस्थ दूरदर्शनवर पाहून जलद गतीने कपालभाती करू लागलेले असतात. काचबिंदू असलेल्या बाईंनी शीर्षासन शिकण्याचा हट्ट धरलेला असतो. दोघांच्याही पत्रकावर तेच दोन शब्द असतात. दोष रुग्णांचा म्हणता येत नाही; जे सांगितले ते ते निष्ठेने करीत असतात.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसाव्या अध्यायात परादी दहा गुण आले आहेत. चिकित्सेत यश मिळण्याची ती साधने होत, असे आचार्यांचे मत आहे. या यादीत परत्व व अपरत्वानंतर तिसरी 'युक्ती' येते आणि अगदी शेवटी, 'संस्कार' या गुणाच्या पाठोपाठ 'अभ्यास' येतो. महाविद्यालयीन शिक्षणात ही यादी आपण पाठ केली, परीक्षेत लिहिली आणि बहुधा तेथेच सोडून दिली. योग शिकविताना मात्र या दोन गुणांचे नाते आम्हांस रोज नव्याने दिसते. प्रचलित समजूत अशी की अभ्यास म्हणजे तेच ते करणे आणि सर्जनशीलता म्हणजे काही नवे करणे; एकात कंटाळा, दुसऱ्यात आनंद. आमच्या मते योगात जिला सर्जनशीलता म्हणावे ती आचार्यांची युक्तीच, म्हणजे प्रसंगाला जुळणारी योजना होय. आणि ती अभ्यासावाचून सुचत नाही.

चौसष्ट प्रहरांचा खल

औषधनिर्मात्या बंधूंना चौसष्टप्रहरी पिंपळीचे उदाहरण पुरेसे बोलके वाटेल. पिंपळीच्या चूर्णाला पिंपळीच्याच काढ्याची भावना द्यावयाची आणि 64 प्रहर, म्हणजे अहोरात्र धरल्यास पूर्ण आठ दिवस, मर्दन करावयाचे. खलात दुसरे कोणतेही द्रव्य पडत नाही. तरीही आठव्या दिवशी हाती येणारी पिंपळी पहिल्या दिवसाची नसते. तिची सूक्ष्मता वेगळी, कार्य वेगळे, मात्राही वेगळी. संस्काराने द्रव्यात गुणांतर होते हे आपण शिकलो, ते येथे बोटांना कळते. ताडासनाचेही तसेच आहे. उभे राहण्यात नवीन ते काय, असे पहिल्या आठवड्यात प्रत्येक जण विचारतो. सहा महिन्यांनी त्याच विद्यार्थ्याला आपला भार डाव्या टाचेवर अधिक पडतो, उजवा खांदा पुढे येतो आणि श्वास छातीच्या वरच्या भागातच अडतो, हे न सांगता उमगते. आसनात काहीही वाढलेले नसते. उभे राहणाऱ्याचीच जाणीव सूक्ष्म झालेली असते.

पतंजलींनी अभ्यास दृढ होण्यासाठी तीन अटी घातल्या : दीर्घकाल, नैरंतर्य आणि सत्कार. पहिल्या दोन सर्वांच्या ध्यानात राहतात. तिसरीकडे दुर्लक्ष होते आणि आमच्या अनुभवाने घोटाळा तेथेच होतो. सत्कार म्हणजे हाती घेतलेल्या क्रियेविषयी आदर, तिच्यात मन ओतणे. वीस वर्षे रोज बारा सूर्यनमस्कार घालूनही ज्यांच्या शरीराला त्यांची काही खबरच नाही, अशी माणसे आपल्या सर्वांच्या परिचयाची आहेत. त्यांच्याकडे दीर्घकाल आहे, नैरंतर्य आहे. मन मात्र वर्तमानपत्रात आहे. त्याला सवय म्हणता येईल, अभ्यास म्हणता येणार नाही. (यंत्राच्या खलात घोटलेली पिंपळी हाताने घोटलेल्या पिंपळीसारखी होते की नाही, या वादात आम्ही पडत नाही, पण यंत्राने सूर्यनमस्कार घालता येत नाहीत एवढे निश्चित.)

हाताशी असलेली साधने

योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार 1937 साली पुण्यास आले ते केवळ सहा महिन्यांसाठी. बालपणी हिवताप, विषमज्वर, क्षय अशा व्याधींनी खिळखिळे झालेले शरीर आणि वय अवघे अठरा. पुढे ते पुण्याचेच झाले. 1975 साली तेथे त्यांची संस्था उभी राहिली आणि 2014 मध्ये त्यांचे निधनही पुण्यातच झाले. लाकडी ठोकळे, पट्टे, भिंतीतले दोर, लोड, घडीच्या खुर्च्या ही त्यांच्या पद्धतीची साधने आज जगभरातील योगवर्गांत दिसतात. या साधनांमागे नावीन्याची हौस नव्हती. ज्याचा हात जमिनीपर्यंत पोहोचत नाही त्याच्यासाठी जमीनच हाताजवळ आणावयाची, हा विचार त्यांत आहे. आणि हात कोठे अडतो हे स्वतःच्या देहावर वर्षानुवर्षे तपासलेल्या माणसालाच असा ठोकळा सुचतो. 1979 मध्ये स्कूटरच्या अपघातांनंतर त्यांना आपली आसने पुन्हा प्रारंभापासून मिळवावी लागली. तोही अभ्यासच होता.

आपल्या गावी अशी साधने नसली म्हणून काही अडत नाही. संधिवाताने गुडघे न वाकणाऱ्या आजींना पाटावर बसवून मांड्यांखाली गोधडीच्या घड्या सरकविल्या की बैठक साधते, आणि दर पंधरवड्यास एक घडी काढता येते. औषधालयात दिवसभर उभे राहून पायांत जडत्व येणाऱ्या दुकानदाराला सर्वांगासन सांगण्याचे कारण नाही. रात्री जेवणापूर्वी सतरंजीवर पडून पाय भिंतीला टेकवून पाच-सात मिनिटे स्वस्थ राहण्याने त्याला हलके वाटते. घडी किती, भिंतीपासून अंतर किती, हे कोणत्याही ग्रंथात सापडत नाही. ते समोरच्या माणसाकडे पाहून ठरवावे लागते, आणि आमच्या लेखी रोजची सर्जनशीलता ती हीच. एरवी जुन्याच आसनांना झगझगीत नवी नावे देऊन काढलेल्या वर्गांचे आम्हांस कौतुक वाटत नाही.

हठप्रदीपिकेतील वैद्यकदृष्टी

हठयोगाचे ग्रंथकार या बाबतीत आपल्या फार जवळचे आहेत. हठप्रदीपिकेत षट्कर्मे सांगितली ती मेद व श्लेष्मा अधिक असणाऱ्यासाठी. दोष समस्थितीत असणाऱ्याने ती करू नयेत, असे तेथे स्पष्ट आहे. आज मात्र जलनेती आणि वमनधौती दर रविवारी सर्वांना सरसकट करविणारी शिबिरे भरतात. प्राणायाम युक्तीने केल्यास रोग जातात आणि अयुक्त अभ्यासाने उचकी, श्वास, कास, तसेच शिर, कर्ण व नेत्र यांच्या वेदना उद्भवतात, हेही त्याच ग्रंथात आहे. ही सारी आपलीच परिभाषा आहे.

योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टींत अत्याहार, अतिश्रम, वाचाळता, जनसंग व चंचलता यांच्या जोडीने 'नियमाग्रह' आहे. संधी दोन प्रकारे सुटतो. 'अग्रह' घेतला तर नियम न पाळणे घातक ठरते आणि 'आग्रह' घेतला तर नियमांना चिकटून बसणे घातक. ब्रह्मानंदांची टीका दुसऱ्या अर्थाकडे झुकते व पहाटेच्या थंड पाण्याच्या स्नानाचे उदाहरण देते. वर्षा ऋतूत, वातप्रकृतीच्या कृश रुग्णाला पहाटे चारच्या थंड स्नानाचा नेम सांगणाऱ्यांनी ते अवश्य वाचावे.

साधकाची प्रगती

'आत्मविकास' हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे, म्हणून तो जपून वापरतो. नियमित साधना करणाऱ्या वैद्यांत आम्हांस दिसलेले बदल लहान आहेत. नाडीवर बोटे ठेवताना त्यांचा स्वतःचा श्वास घाईत नसतो. रुग्णाचे वाक्य पूर्ण होण्यापूर्वी त्यांची लेखणी चालू होत नाही. चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या पहिल्याच अध्यायात योगाचा विचार केला, मन आत्म्यात स्थिर झाले असता सुखदुःखांची निवृत्ती होते असे म्हटले. तेथवर पोहोचणारे विरळा. पण दहा रुग्णांनंतर अकरावा पहिल्यासारखाच ऐकू येणे, हे व्यवसायाच्या दृष्टीने लहान फळ नव्हे.

ही प्रगती क्रमाने व्हावी. अहितकर सवय सोडताना व हितकर जोडताना चरकांनी सांगितलेला पादांशिक क्रम येथे तंतोतंत लागू पडतो. व्यग्र वैद्याने पहिल्या आठवड्यात पाऊण तासाचा संकल्प सोडून दहा मिनिटेच धरावीत. त्या दहांना पाय फुटतात.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे पत्रकाकडे. वाग्भटांनी बलवान व स्निग्धभोजी मनुष्यासही शीतकाली व वसंतात अर्धशक्तीच व्यायाम सांगितला, अन्य ऋतूंत त्याहून कमी. अर्धशक्तीचे लक्षण सुश्रुतांत सापडते : श्वास मुखावाटे येऊ लागला की थांबावे. रुग्णाला मापनयंत्र लागत नाही. तोंड उघडले की थांबा, एवढे त्याला समजते. जीर्ण कटिशूलाच्या, वेदना स्थिर असलेल्या व पायात कळ न जाणाऱ्या रुग्णासाठी पत्रकावर असे लिहिता येईल : 'भुजंगासन, कोपरे जमिनीवर ठेवून, तीन श्वास थांबणे, दोन वेळा, सकाळी मलविसर्जनानंतर, रिकाम्या पोटी, कळ आल्यास बंद, आठ दिवसांनी दाखविणे.' मात्रा, काल, निषेध सर्व आले. मात्र हे लिहिण्यापूर्वी वैद्याने ते आसन स्वतः काही आठवडे केलेले असावे, अन्यथा कोपरांचा मुद्दा त्याला सुचणार नाही. आणि आठव्या दिवशी रुग्ण आला की 'केले का?' असे न विचारता, तपासणीच्या खोलीत चटई अंथरून त्याला ते आपल्यासमोर करावयास सांगावे.